चौतीस पावलं

कागद बदलायला मी लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात शिकले. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी त्या सुमाराला सासरी कोणाला चहात किती साखर लागते ते पाठ करत होत्या. मला नवऱ्याने भूकंप दाखवला.

तो विद्यापीठाच्या भूकंपमापन केंद्रावर निरीक्षक होता, आणि राहायला आम्हाला आवारातच दोन खोल्यांचं घर होतं. केंद्र म्हणजे आवाराच्या पार मागच्या टोकाला, झाडांच्या आड, अर्धी जमिनीत गेलेली दगडी इमारत. पुढच्या खोलीत एक पितळी रूळ सावकाश फिरायचा. त्यावर पांढरा कागद गुंडाळलेला, आणि कागदावर शाईची बारीक सुई टेकलेली. मागची खोली सहा पायऱ्या उतरून, तिला सगळे तळखोली म्हणायचे. तिथे मधोमध काँक्रीटचा खांब होता, चार माणसांनी हात धरून कवेत घ्यावा एवढा जाड, थेट खालच्या कातळात रोवलेला. यंत्र त्याच्या डोक्यावर, तिथून तार पुढच्या खोलीतल्या सुईपर्यंत. खांबाभोवती दीड हात रुंद आणि पुरुषभर खोल खंदक, वाळूने भरलेला, म्हणजे फरशीचा धक्का खांबाला लागायला नको. खांबाने फक्त पृथ्वीचं ऐकावं, माणसांच्या भानगडीत पडू नये, असा त्यामागचा विचार.

पण खांब कान उघडेच ठेवून असायचा. बाहेरून कोणी चालत गेलं तरी कागदावर बारीक काटे उमटायचे.

"हा बघ, सकाळचा दूधवाला," नवरा एका रेषेवर बोट ठेवून सांगायचा. "ही सायकल. हे कुत्रं असावं."

"कुत्रंसुद्धा?"

"चार पायांचं काही असलं की काटे दाट येतात. तू आलीस ना मघाशी, ती ही."

मी बघितलं. माझे काटे अगदी बुटके, एकमेकांना चिकटून चाललेले. नवीन लग्न झालेली बाई परक्या जागी कशी चालते, ते त्या सुईने माझ्याआधी लिहून ठेवलं होतं.

तिथला आणखी एक रिवाज सांगायला हवा. तळखोलीत शिरायचं तर आधी उंबऱ्यावर तीनदा पाय आपटायचा. कागदावर तीन उंच काटे येतात, आणि नंतर वाचणाऱ्याला कळतं की यापुढची थरथर आपल्याच माणसाची आहे. मग तेवढ्या भागाला निळ्या पेन्सिलीने कंस करायचा आणि शेजारी लिहायचं, 'सोडून द्या'. तेवढा भाग पुढे कोणी वाचत नाही. नवऱ्याच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की घरात स्वयंपाकघराच्या दारातही तो तीनदा पाय आपटायचा. पहिला हळू, दुसरा जरा जोरात, तिसरा असा की फळीवरच्या डब्यांची झाकणं वाजायची.

केंद्राचे प्रमुख म्हणजे सर. साठीला आलेले, एका गुडघ्याने अधू, बोलणं अगदी मऊ. भिंतीवर एक काळा फळा होता, त्यावर 'अखंड नोंद' असं लिहिलेलं, आणि खाली दिवसांचा आकडा. तो आकडा रोज सकाळी सर स्वतः पुसून एकाने वाढवायचे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दहा हजार पाचशेच्या पुढे गेला होता. एकोणतीस वर्षं सुई एकदाही थांबली नव्हती. सर सांगायचे तेव्हा आवाज असा व्हायचा, जसं माणसाने देवळात बोलावं.

आणि तिसरी होती ती मुलगी. भूगर्भशास्त्रात संशोधन करणारी, वसतिगृहात राहणारी. दिवसभर केंद्रातले जुने कागद काढून बघत बसायची, मग चार वाजता मुख्य इमारतीत जायची आणि संध्याकाळी परत वसतिगृहाकडे निघायची ती केंद्रावरच्या आडवाटेने. बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी. कुंपणाच्या फाटकापासून केंद्राच्या दारापर्यंत चौतीस पावलं. नवरा तिला 'रोजची' म्हणायचा.

"दादा, आज किती मोठा आला माझा भूकंप?" ती दारातून विचारायची.

"वाढलाय. जेवण कमी कर."

ती खळखळून हसायची. एकदा मी तिथे होते तर मला म्हणाली, "वहिनी, हे घरी तरी माणसासारखे बोलतात का हो?" मी नवीन, मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, पण उपयोग नाही.

त्या बुधवारी दुपारी आमचं पहिलं भांडण झालं. कारण सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, घरात हे पाय आपटणं बंद करा, मी काय यंत्र आहे का. तो चपला घालून निघून गेला. सातला परत आला. कुठे होतात, तर म्हणे तळ्याकाठी बसलो होतो. मी ताट वाढलं, त्याने मान खाली घालून जेवण केलं.

त्याच बुधवारी रोजची वसतिगृहात पोचली नाही.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने नेहमीसारखा कागद उतरवला. पाच दहाला चौतीस पावलं होती. मग काही वेळाने तीन ठोके, आणि त्यापुढे जवळजवळ दीड तास नुसती खळबळ. सर आत साफसफाई करत असतील, असं त्याला वाटलं. त्याने निळी पेन्सिल घेतली, कंस केला आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोडून द्या'. मुलगी हरवलीय हे आवारात कळलं ते दुपारी.

शनिवारी पोलीस केंद्रावर आले. इन्स्पेक्टर बाई होत्या, ठेंगण्या, शांत, सतत बडीशेप चघळणाऱ्या. त्यांना कागद वाचून दाखवला तो सरांनी.

"इथपर्यंत मुलगी आली. इथून पुढे तिची पावलं नाहीत," सर म्हणाले. "आणि हे तीन ठोके. ही आमची पद्धत आहे. किल्ल्या दोनच. मी त्या वेळी माझ्या खोलीत वाचत होतो."

"आणि हे 'सोडून द्या' कोणी लिहिलं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

तळखोलीत पोलिसांनी विजेऱ्या मारून पाहिलं. खांब, यंत्र, सपाट वाळू. वाळू उपसायचं कोणीतरी काढलं तर सर कळवळून म्हणाले, "नका हो, खंड पडेल." आणि नवल असं की सगळ्यांनी ते मानलं. तळखोलीला लाखेचं सील लागलं, दारात हवालदार बसला, तळ्यात माणसं उतरवली आणि माझ्या नवऱ्याला घेऊन गेले. जाताना तो एवढंच म्हणाला, "अगं, मी खरंच तळ्याकाठी होतो."

दोन महिन्यांत माणूस किती कळतो? त्याला वांगं आवडत नाही हे मला माहीत होतं. झोपेत तो उजव्या कुशीवर वळतो हे माहीत होतं. तीन तास तो कुठे होता, हे मला माहीत नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "माझा मुलगा मुंगीला बाजूला करून पाय टाकतो." मी 'हो' म्हटलं. मनात म्हटलं, तुम्हाला तो तीस वर्षं माहीत आहे, मला साठ दिवस. तो सुटला नाही तर जन्मभर मी एका खुन्याची बायको. आणि तो नुसताच सुटला तर? तर जन्मभर स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून उभं राहायची माझी हिंमत होणार नव्हती. मला खरं काय ते हवं होतं.

संध्याकाळी सर घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"मुली, तुला कागद लावता येतो ना?"

"येतो."

"नवा माणूस मिळेपर्यंत येशील? खंड पडता कामा नये."

माझा नवरा कोठडीत, आणि यांना कागदाची पडलेली. तरी मी हो म्हटलं. जे काय घडलं होतं ते त्या सुईने पाहिलं होतं, आणि तिच्याजवळ बसायची ही एकच वाट होती.

रविवारी सकाळी आठला मी गेले. हवालदार बाकावर पेंगत होता. खोलीत शाईचा वास, दगडाच्या गारव्याचा वास, आणि त्याच्या खाली आणखी एक, ओल्या चुन्याचा. भिंतींना तर कित्येक वर्षांत चुना लागलेला नव्हता. मी कागद उतरवला, टेबलावर पसरला, आणि नवऱ्याने शिकवलं होतं तसं एकेका रेषेवरून बोट फिरवत गेले. दूधवाला. सायकल. पोलिसांची गाडी. संध्याकाळच्या रेषेवर माझं बोट थांबलं.

पाच वाजून दहा मिनिटं. एक काटा. मग दुसरा, किंचित उंच. मग पुन्हा बुटका, पुन्हा उंच. चौतीस.

त्यानंतर थोडी सपाट रेष. मग तीन ठोके.

मी बाहेर जाऊन हवालदाराला विचारलं, "काल संध्याकाळी कोणी आलं होतं?"

"चारनंतर चिटपाखरू नाही, ताई. मीच एकटा, आणि मी इथून हललो नाही."

"आत कोणी गेलं?"

त्याने सीलकडे बोट केलं. लाख शाबूत होती.

मी परत आले आणि कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला.

"सर, इथे…"

"गुरं शिरत असतील."

"मोजून चौतीस पावलं, सर? आणि नंतर हे…"

"असलं सोडून द्यायचं असतं." त्यांनी निळी पेन्सिल उचलली. त्यांचा कंस काढताना वाकडा झाला. "शिकवलं नाही का तुला नवऱ्याने?"

सोमवारी तेच. मंगळवारी तेच. पाच दहा, चौतीस पावलं, तीन ठोके. सर रोज कंस करत होते आणि रोज त्यांचं अक्षर बिघडत होतं. फळ्यावरचा आकडा मात्र ते न चुकता वाढवत होते.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. मुलीची आई होती. शाळेचे गणवेश शिवायचं काम करणारी बाई, बोटांच्या टोकांना सुईचे बारीक काळे ठिपके, हातात एक कापडी पिशवी. रात्रभर प्रवास करून शनिवारीच आली होती आणि तेव्हापासून वसतिगृहाच्या पायरीवर बसून होती. ती आत आली नाही.

"मला तुझ्याशी भांडायचं नाही," ती म्हणाली. "तूही कोणाची तरी लेक आहेस. फक्त तुझ्या नवऱ्याला विचार, कुठे ठेवलीय. एवढंच विचार. मी घेऊन जाईन. कोणाला काही बोलणार नाही."

मग मी जे केलं ते का केलं, मला आजही सांगता येत नाही. मी तिचा हात धरला आणि तिला केंद्रावर घेऊन गेले. कपाटातून त्या तीन दिवसांचे कागद काढले.

"हे काय आहे?"

"पावलं आहेत. कोणाची ते मला माहीत नाही."

ती शिवणकाम करणारी बाई होती. टाके बघावेत तशी ती वाकून बघू लागली. बोट काट्यांवरून चालवत गेली, मागे आली, पुन्हा गेली.

"एक टाका लहान, एक मोठा," ती पुटपुटली. मग ताठ उभी राहिली. "सातव्या वर्षी झाडावरून पडली होती. डावा पाय नीट जुळला नाही. तेव्हापासून उजवा जड टाकते. दारात चपला काढायच्या आधी मला कळायचं, हीच आली." तिने माझ्याकडे बघितलं. "हा कधीचा कागद?"

मला खोटं सांगता आलं नाही. "कालचा."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. मला वाटलं, ओरडेल, कोसळेल. तिने हळूच विचारलं, "आज कधी यायची?"

घड्याळात साडेचार झाले होते. आम्ही दोघी रुळासमोर स्टुलं ओढून बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून वाट दिसत होती, फाटकापासून दारापर्यंत, वाळलेल्या पानांनी भरलेली. हवालदार बाकावर बसून दाढी खाजवत होता. सगळं इतकं साधं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली.

पाच वाजून नऊ मिनिटांनी पाखरं गप्प झाली. एकदम झाली नाहीत. एकेक झाड करत, फाटकाकडून आमच्याकडे, गप्प होत आली.

सुई हलली.

इतकी बारीक, की एखादीला श्वास वाटला असता. मग पुन्हा. आई खिडकीकडे बघत होती, मी कागदाकडे. वाटेवर कोणी नव्हतं. एक पानसुद्धा दबत नव्हतं. पण सुई चालत होती. लहान, मोठा, लहान, मोठा. आणि काटे वाढत होते, कारण ती जवळ येत होती.

"बारा…" मी मोजत होते. "तेरा…"

मला भीती वाटली का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. वाटली. फार उंच कड्यावर उभं राहून खाली बघावं, तसं काहीसं. एवढी मोठी पृथ्वी. तिच्यावर डोंगर कोसळतात, नद्या पात्र बदलतात, आणि ती एका लंगड्या मुलीची पावलं लक्षात ठेवून होती. एकही विसरली नव्हती. रोज वेळेवर, आहेत तशी परत देत होती.

"तेहतीस… चौतीस."

सुई थांबली. दार उघडं होतं. दारात ऊन पडलं होतं. आई उठून उभी राहिली आणि दाराकडे तोंड करून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आलीस का ग?"

काहीच झालं नाही. मग आमच्या मागच्या बाजूला, तळखोलीच्या बंद दारापाशी पडावेत असे तीन ठोके सुईने लिहिले. आवाज नव्हता. नुसते काटे. उंच, उंच, आणि तिसरा अगदी बुटका.

मी त्या तिसऱ्या काट्याकडे बघत राहिले. माझ्या घरात रोज तीन ठोके पडत होते. साठ दिवस ऐकले होते मी ते, कपाळाला आठ्या घालून. त्यातला तिसरा झाकणं वाजवणारा होता. हा ठोका त्याचा नव्हता. हा कोणीतरी दोनदा जोर करून, तिसऱ्याला गुडघ्यात कळ येऊन, पाय नुसता टेकवला होता.

ठोक्यांनंतर सुई पुन्हा थरथरायला लागली. आदल्या तीन दिवसांत ठोक्यांपुढे रेष सपाट होती. आज टोचल्यासारखे ठिपके येत होते, उंच, टोकदार, यंत्राच्या अगदी अंगाला लागून.

"आत आहे," आई म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

इन्स्पेक्टर बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. भुताची साक्ष कोणत्या कोर्टात चालते? मी फक्त म्हटलं, बुधवारचा कागद घेऊन केंद्रावर या, आणि सरांना बोलावू नका. जुन्या कागदांच्या कपाटातून मी नवऱ्याचे ठोके काढून ठेवले, आणि तो रजेवर असतानाचे सरांचे. बाईंनी बुधवारचा कागद मधे ठेवला. त्या बडीशेप चघळायच्या थांबल्या.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

"हो."

"नवऱ्याला वाचवायला बरं शोधून काढलंस."

"मला वाचवायचं नव्हतं, खरं काय ते कळायला हवं होतं. ठोका त्याचा निघाला असता तर तेही तुम्हालाच सांगितलं असतं."

त्या पुन्हा बडीशेप चघळायला लागल्या. "आणखी काय?"

"चुन्याचा वास येतोय. वाळू काढा, मॅडम."

बुधवारी, बरोबर आठव्या दिवशी, वाळू काढली. ती उभीच होती, खांबाला टेकून, पुढे सगळा चुना. आईने आत येऊ द्या म्हणून हट्ट धरला. पिशवीतून एक नवं कोरं पांघरूण काढलं, स्वतः कड शिवलेलं, आणि कोणाची मदत न घेता लेकीला गुंडाळलं. रुळावर सुई वेडीवाकडी पळत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

सरांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. मुलगी जुने कागद तपासत होती, त्यात तिला सापडलं की सतरा वर्षांपूर्वीच्या दोन दिवसांचे कागद त्याच्या आदल्या वर्षीच्या दोन दिवसांशी काट्यानकाटा जुळतात. कोणीतरी बसून हुबेहूब काढले होते. ती बिचारी हरखून सरांकडे गेली. तेव्हा आजारी होतो, सर म्हणाले, यंत्र दोन दिवस बंद पडलं, लाज वाटली म्हणून कागद बनवले. ती हे प्रबंधात लिहिणार म्हणाली. फळ्यावरचा आकडा खोटा ठरणार होता.

"एका आकड्यासाठी?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

सरांनी नुसती मान डोलावली.

"मग त्या संध्याकाळी यंत्र बंद का नाही केलंत? कागद का नाही फाडलात?"

तेव्हा मात्र सरांनी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं म्हणे. "खंड पडला असता," ते म्हणाले.

नवरा घरी आला तो गुरुवारी. दाढी वाढलेली, गाल बसलेले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"आपटा," मी म्हटलं.

तो आपटला नाही. "तुलाही वाटलं होतं का? मी…"

"चार दिवस वाटलं होतं."

तो खाली बसला. म्हणाला, "बरं झालं. नाहीतर तू मोजत बसली नसतीस." आणि मग दोघेही रडलो. वांग्याची भाजी होती त्या दिवशी. त्याने मुकाट्याने खाल्ली.

आई लेकीला घेऊन गावी गेली होती. आता ती वाट मोकळी झाली, असं आम्ही धरून चाललो. नवरा शुक्रवारी कामावर रुजू झाला. शनिवारी सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. त्याने कागद उतरवला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

पाच दहा. चौतीस पावलं.

आता ठोके नव्हते. पावलं दारापाशी येऊन थांबली होती, आणि परत गेलेली नव्हती. पाच मिनिटं रेष सपाट. मग एक काटा. लहानसा, एकटाच. मुलीचा नव्हता.

रविवारी तसे दोन आले. सोमवारी तीन.

"कोणीतरी उठतंय," मी म्हटलं. माझं मलाच कळलं नाही मी काय बोलले ते.

नवऱ्याने भिंग घेतलं, पट्टी घेतली, रात्रीचं जेवण विसरून मोजत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, आवाज अगदी खाली आणून, "हे फरशीवरून येत नाही. वाळूतून येत नाही. कातळातूनही येत नाहीये… यंत्र ज्याच्यावर ठेवलंय ना, त्याच्या आतून येतंय."

"खांबाच्या?"

त्याने मान हलवली. "खांब जुना वाटतो, पण तसा नाही. तडा गेला म्हणून सरांनी एकदा नवा ओतून घेतला होता; तेवढ्यापुरतं यंत्र शेजारी हलवून नोंद चालू ठेवली, असं सांगायचे. मी लागायच्या आधी."

"कधी?"

त्याने जुनी दुरुस्तीची वही काढली, पान उलटलं आणि तारीख माझ्यापुढे सरकवली. सतरा वर्षांपूर्वीचे तेच दोन दिवस. सर आजारी होते, ते दोन दिवस. सुई का थांबली हे सगळ्यांनी विचारलं होतं. त्या दोन दिवसांत तिला काय ऐकू द्यायचं नव्हतं, हे कोणीच विचारलं नाही.

इन्स्पेक्टर बाईंना खांब फोडायची परवानगी मिळवायला बारा दिवस लागले. रोज पाच दहाला ती येत होती, दारात उभी राहत होती, आणि आतला एकेक काटा वाढत होता. बाराव्या दिवशी, खांब फोडायच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही दोघं रुळासमोर बसलो. आतले काटे मी मोजले, पंधरा. मग ती आतली पावलं दाराशी आली, दोघींची एकमेकींत मिसळली, एकीची लंगडी, एकीची सरळ, आणि फाटकाकडे निघाली. काटे लहान होत गेले. चौतीस पावलांनंतर रेष सपाट झाली. बाहेर पाखरं पुन्हा बोलायला लागली, आमच्याकडून फाटकाकडे, एकेक झाड करत.

सकाळी नवऱ्याने स्वतःच्या हाताने सुई उचलली. फळ्यावरचा आकडा पुसला. मग मजुरांनी घण घातले. दुपारपर्यंत खांबाचं एक अंग उघडं झालं.

आत कोणी नव्हतं. हाड नाही, कापड नाही, केस नाही. काँक्रीटच्या पोटात एक पोकळी होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाईएवढी. पाठीचा कणा, खांदे, कपाळ, सगळ्याचा ठसा आतल्या भिंतीवर स्वच्छ उमटलेला होता. ती कोण होती, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. सर बोलत नाहीत.

बाईंनी आत विजेरी मारली आणि बाजूला झाल्या. मी पुढे होऊन हात आत घातला. सतरा वर्षं बंद असलेला तो दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.